अब्बांचे टेबल

दाभोळच्या आमच्या घरी ओटीवर मरहूम अब्बांचे सागवानी टेबल आहे. १९९०च्या सुमारास त्यांनी त्याला हिरवा ऑइलपेंट दिला होता. त्याचे आता पोपडे निघू लागले होते. 'भंगारात देऊ, नवे आणू,' असे घरात चालले होते. पण पाय हलवून पाहिले, एकही डगमगत नव्हता. चांगले लाकूड टाकणे म्हणजे इसराफच, म्हणून आम्ही ते घरीच घासायचे ठरवले.

पावसाळा सरेपर्यंत थांबलो. खाडीकाठच्या दमट हवेत पॉलिश पांढुरके पडते. नोव्हेंबरात टेबल अंगणात काढले आणि पहिल्याच दिवशी चूक केली. पॉलिश पेपरने रंग कोरडाच घासला. हिरवी धूळ उडाली. थोड्या वेळाने पाहतो तो तीन वर्षांचा पुतण्या तीच धूळ लागलेली बोटे तोंडात घालत होता.

काम तिथेच थांबवले. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते, आणि ते नुसते पाहून ओळखता येत नाही. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. पुतण्याचे हात धुतले, कपडे बदलले, डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घेतले. अल्हम्दुलिल्लाह, अहवाल ठीक आला. पण ते दोन दिवस भाभींना झोप नव्हती, आणि आम्हालाही.

पुढचे काम रीतसर केले. मुलांना लांब ठेवले, तोंडाला एन-९५ मास्क लावला, खाली जुने प्लास्टिक अंथरले. रंग पाण्याने ओला करून वॉटर पेपरने घासला, म्हणजे धूळ उडत नाही. निघालेला रंग ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधला. झाडू फिरवला नाही, आणि ते पाणी विहिरीच्या बाजूला जाऊ दिले नाही. जुना रंग जाळून काढू नये, त्या धुरातही शिसे असते.

रंग गेल्यावर टेबल दोन दिवस सावलीत वाळवले. मग ८०, १२० आणि शेवटी २२० नंबरचा पेपर, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासले की ओरखडे पडतात आणि पॉलिशखाली ते जास्तच उठून दिसतात.

उजव्या कोपऱ्यात शाईचे निळे डाग निघाले. अब्बा मोहल्ल्यातल्या बायकांना पत्रे लिहून देत. कुणाचा नवरा जहाजावर, कुणाचा मुलगा कुवेतला. दौत तिथेच असायची. डाग काढायला आम्ही पुन्हा ८० नंबरचा पेपर उचलला, तेव्हा अम्मी म्हणाली, "राहू दे रे. किती घरांचे सलाम गेलेत तिथून." पेपर खाली ठेवला.

पॉलिशसाठी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवली आणि मलमलीतून गाळली. सुती फडक्यात कापसाचा बोळा धरून पातळ हात दिले, तासातासाने, एकूण सहा. स्पिरिट पेट घेते, म्हणून चुलीपासून लांब बसलो. एक ध्यानात ठेवावे, लाखेच्या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. म्हणून चहासाठी टेबलावर बशी ठेवली आहे.

आता मुलगी दहावीचा अभ्यास तिथेच करते. वही ठेवते ती नेमकी त्या निळ्या डागांवर. तुमच्या घरी असे जुने टेबल असेल तर ते जरूर घासा. पण आधी त्याच्या रंगाचे वय विचारा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की त्यावरचे काय ठेवायचे.