क्लचची सुटती पकड

मोटारीच्या ज्या भागांवर चालकाच्या सवयींचा ठसा लवकर उमटतो त्यांत क्लच अग्रभागी असतो, आणि तरीही तो खराब होत असल्याचे त्या चालकालाच सर्वांत उशिरा कळते. कारण क्लच प्लेट रोज अगदी थोडी झिजते आणि डावा पाय त्या बदलाशी नकळत जुळवून घेत राहतो. गाडी दुसऱ्या कोणी चालवायला घेतली की जे त्याला पहिल्या काही मिनिटांतच खटकते, ते मालकाच्या अंगवळणी पडलेले असते.

क्लचची लक्षणे समजून घ्यायची तर त्याची रचना माहीत असावी लागते. इंजिनाच्या टोकाला बसवलेले फ्लायव्हील हे जड चाक इंजिनाबरोबर सतत फिरत असते आणि ते व प्रेशर प्लेट नावाची लोखंडी चकती यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. या प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षणासाठी अस्तर, म्हणजेच लायनिंग, बसवलेले असते, तर दाब देण्याचे काम पाकळ्या असलेली, बशीसारखी डायफ्रॅम स्प्रिंग करते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग या पाकळ्यांवर रेटले जाते, दाब निघतो, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. यावरून क्लचचे बहुतेक बिघाड दोन परस्परविरुद्ध प्रकारांत मोडतात हे ध्यानात येईल: एकात क्लच नीट पकडत नाही, दुसऱ्यात तो नीट सोडत नाही. हा भेद न ओळखल्यामुळे केवळ केबल सैल झालेल्या गाडीचाही गिअरबॉक्स उतरवला जातो आणि मालकाला विनाकारण भुर्दंड पडतो, म्हणून तो गाडी गॅरेजमध्ये नेण्यापूर्वीच कळलेला बरा.

पकड सुटणे, ज्याला गॅरेजच्या भाषेत क्लच स्लिप होणे म्हणतात, ते प्रथम वरच्या गिअरमध्ये आणि भार असताना जाणवते. माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी खोपोलीहून बोरघाट चढत असताना चालकाने अॅक्सिलरेटर दाबावा, इंजिनाचा आवाज चढावा, फेऱ्यांचा काटा झपकन वर जावा, पण वेगाचा काटा मात्र जागचा हलू नये, हे त्याचे अस्सल चित्र होय. इंजिनाची जी शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही ती प्लेटवर घासून उष्णतेत रूपांतरित होते, लायनिंग करपते आणि कागद जळल्यासारखा उग्र वास येतो. अवघड चढावर एकदा असा वास आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण सपाट रस्त्यावर तो पुन्हापुन्हा येऊ लागला तर लांबचा प्रवास टाळावा.

पेडलाची चालही बरेच काही सांगते. मारुती 800 सारख्या केबलच्या क्लचमध्ये पेडल हाताने दाबून पाहिले तर सुरुवातीचा थोडा भाग विनाविरोध खाली जातो; ही मोकळी चाल होय. प्लेट झिजते तशा स्प्रिंगच्या पाकळ्या बेअरिंगकडे सरकतात, मोकळी चाल कमी होते आणि क्लच ‘वर पकडू’ लागतो. ही चाल पूर्ण संपली की बेअरिंगचा दाब पाकळ्यांवर कायम राहतो आणि चांगली प्लेटही घसरू लागते, म्हणून केबलचा नट फिरवून चाल जुळवणे हा पहिला, स्वस्त उपाय असतो.

याउलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर अडखळत असेल, विशेषतः रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल, तर क्लच सुटत नाही असे समजावे. केबल ताणली गेली असेल किंवा हायड्रॉलिक क्लचमध्ये तेल गळून हवा शिरली असेल. पेडल स्पंजासारखे मऊ लागणे आणि दोनतीनदा दाबल्यावर गिअर सहज पडणे ही हवेची खूण आहे. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असल्यामुळे ही गळती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आवाजाचा नियमही सोपा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये असताना पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. पेडल सोडलेले असताना येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा असतो. गाडी निघताना थरथरत असेल तर लायनिंगला तेल लागले आहे का, हे पाहावे लागते.

झिजेचे मोठे कारण म्हणजे हाफ क्लच, अर्थात पेडल अर्धवट दाबून गाडी रेटणे किंवा चढावर तोलून धरणे. 2014 साली मारुतीच्या सेलेरियोबरोबर भारतात आलेल्या एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या, गाड्यांना क्लचचे पेडल नसले तरी आत क्लच असतोच, त्यामुळे चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरने त्या रोखून धरल्या तर त्यांचीही प्लेट जळते.

प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलून घ्यावे. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा चरे पडले आहेत का, आणि इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपते का, हे मालकाने गिअरबॉक्स खाली असतानाच स्वतः वाकून पाहावे. तेल झिरपत राहिले तर नवी प्लेटही फार दिवस टिकत नाही.