पाठ लागली नाही, म्हणून कुस्तीच नाही?

नोव्हेंबर 2023 मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरी रंगली आणि शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला गुणांवर हरवून गदा पटकावली. आपल्याकडे गुणांवर सुटलेल्या कुठल्याही कुस्तीवर एक शेरा ठरलेला असतो: "चितपट नाही, नुसती ढकलाढकली. नुरा, म्हणजे आधीच ठरवलेलीच असणार." ऐकून ऐकून कान किटले.

याच राक्षेने त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात महेंद्र गायकवाडला 55 सेकंदांत चितपट केलं होतं. नोव्हेंबरपर्यंत त्याची ताकद आटली नव्हती, समोरचा गडी बदलला होता. सदगीरनेही जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत गदा जिंकली ती लातूरच्या शैलेश शेळकेला 3-2 असं हरवून. ते दोघे वस्ताद काका पवारांचे पठ्ठे, म्हणून पुन्हा शंका. पण राक्षे आणि गायकवाडही त्याच तालमीतले. तिथे तर मिनिटभरात आभाळ दिसलं!

ज्याला लोक ढकलाढकली म्हणतात, ती खडाखडी. मानेवर हात टाकून खाली ओढायचं, कोपर उचलून बघायचं, मनगट धरायचं, सोडायचं. हेतू एकच: प्रतिस्पर्ध्याचं वजन पुढच्या पायावर आणणं. वजनाखाली आलेला पाय पटकन मागे घेता येत नाही, आणि पट, म्हणजे पाय धरून ओढण्याचा डाव, तेव्हाच निघतो. वेळ चुकली, तर समोरचा पाय मागे टाकून अंगावर भार देतो, पाठीमागे जाऊन ताबा घेतो आणि 2 गुण नेतो. म्हणजे प्रत्येक चढाईत स्वतःचे 2 गुण पणाला लागलेले असतात. सहा मिनिटांच्या कुस्तीत आघाडीवरचा मल्ल थांबतो, कारण आता धोका पत्करायची गरज पिछाडीवरच्याला असते. यात भित्रेपणा कुठला? आणि रिंगणाबाहेर ढकलण्याचा तर रोख 1 गुण मिळतो.

नुसता वेळ काढता येतो, हेही खरं नाही. युनायटेड वर्ल्ड रेसलिंगच्या नियमांनुसार लढत टाळणाऱ्याला आधी समज मिळते, मग 30 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात कुणीच गुण घेतला नाही, तर 1 गुण समोरच्याला.

बॉक्सिंगच्या प्रेक्षकांचीही हीच रड. मे 2015 मध्ये लास वेगासला मेवेदरने पॅकियाओला हरवलं, तेव्हा जगभर 'कंटाळवाणी लढत' अशी ओरड झाली. कॉम्प्युबॉक्सची मोजणी सांगते की पॅकियाओने 429 ठोसे मारले आणि लागले फक्त 81. पाचातले चार वाया घालवायला लावणं हेच मेवेदरचं काम होतं, पण रक्त दिसल्याशिवाय लोकांना लढत झाल्यासारखी वाटत नाही.

आपली नजर तयार झाली जत्रेच्या फडावर. तिथे गुणफलक नसतो. पाठ लागली तर निकाल, नाहीतर पंच हात धरून कुस्ती बरोबरीत सोडवतात. त्या मैदानाची गोडी मलाही आहे. पण तो हिशेब गादीवरच्या गुणांच्या कुस्तीला लावू नका.

आता किरकोळ समज. गादीची कुस्ती परकी, मातीतल्याला जमत नाही? खाशाबा जाधव गोळेश्वरच्या मातीतले. 1952 मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. 1-1 म्हणजे बरोबरी? नाही, बाकी निकष सारखे असतील तर शेवटचा गुण घेणारा जिंकतो. महाराष्ट्र केसरीत फक्त धिप्पाड गडी चालतो? गट 86 ते 125 किलोंचा आहे. एकटा पंच मनाला येईल तसे गुण देतो? पंच तिघे असतात आणि दोघांचं एकमत लागतं. शिवाय चित्रफीत पाहण्याची मागणी करता येते, मात्र ती फेटाळली गेली तर समोरच्याला 1 गुण. आणि गुणांमुळे चितपटची किंमत गेली, असं म्हणणाऱ्यांसाठी: 0-9 ने मागे असलेल्या मल्लाने शेवटच्या सेकंदाला पाठ लावली, तर कुस्ती त्याचीच.