मोटरसायकलीला घर हवे, पण आपल्या घरात नको

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील छोट्या धंद्याचे पाय म्हणजे मोटरसायकल. चिंचोटी-अंजूरफाटा मार्गाने भिवंडीला जाऊन कापडाचे ताके आणायचे, दर्जीकडे माल पोहोचवायचा, उधारी वसूल करायची, ही सगळी कामे तिच्यावर चालतात. प्लंबर, वेल्डर, ए.सी. दुरुस्त करणारा कारागीर यांची तर हत्यारेही तिच्यावरच असतात. गाडी चोरीला गेली की एक वाहन जाते आणि त्याबरोबर महिना-दोन महिन्यांची रोजीही जाते.

या भीतीने आम्ही व्यापारी-कारागीर मंडळी एक सोपा उपाय करतो. रात्री गाडी घरात घेतो किंवा जिन्याखाली सरकवतो. चोरापासून गाडी वाचते खरी, पण त्यात घर धोक्यात येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेटते. विजेच्या गाडीचा धोका वेगळ्या जातीचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या वसईतच घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि एका लहान मुलाचा जीव गेला. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आग लागली. तेथे ठेवलेले कापडाचे गठ्ठे आणि गाड्या पेटल्या, धूर जिन्याने वर चढला आणि किमान सात माणसे दगावली. कापडाच्या धंद्यात असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की गठ्ठे आणि गाडी एका छताखाली ठेवणे हे सर्वांत वाईट आहे. जिना ही माणसांच्या सुटकेची वाट आहे, तेथे गाडी लावूच नये.

म्हणून गाडीची जागा घराबाहेर पण रस्त्यापासून आत असावी, म्हणजे अंगणात किंवा वाडीत एक छोटी शेड. ती कशी बांधावी ते येथे क्रमाने देत आहोत.

जागा आणि माप

साधारण मोटरसायकल दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असते. आत वळायला व साखळी लावायला जागा धरली तर ८ फूट लांब आणि ५ फूट रुंद शेड पुरते. घराच्या खिडकीखाली किंवा दाराला लागून ती बांधू नये. मात्र घरातून दिसेल अशी असावी. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून मारतो, म्हणून शेडची पाठ त्या बाजूला आणि दार विरुद्ध बाजूला ठेवावे.

पक्के काम काढण्यापूर्वी वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या नगररचना विभागात चौकशी करावी. भाड्याच्या जागेत मालकाची आणि सोसायटीत सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी. गटारावर किंवा रस्त्यावर काढलेला पत्रा आज ना उद्या तुटतो आणि पैसा वाया जातो.

जमीन आधी, भिंत नंतर

बहुतेक लोक पत्रा आणि दार यांवर खर्च करतात व खाली माती ठेवतात. आमच्या मते खरी सुरक्षितता जमिनीत आहे. चोर पत्रा दहा मिनिटांत उचकटतो, पण काँक्रीटमध्ये रुतलेल्या कडीला बांधलेली गाडी सहज नेता येत नाही.

८ बाय ५ फुटांवर ४ इंच जाडीचे काँक्रीट घालावे. प्रमाण १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग खडी. याला अडीच ते तीन गोणी सिमेंट, सुमारे ६ घनफूट रेती आणि १२ घनफूट खडी लागते. फरशीला दाराकडे थोडा उतार द्यावा. मागच्या चाकाजवळ एक फूट खोल खड्डा घेऊन त्यात १६ एम.एम. सळईची इंग्रजी यू अक्षरासारखी कडी बसवावी. तिचे दोन्ही पाय खाली बाहेरच्या बाजूला वळवलेले असावेत म्हणजे ती ओढून निघत नाही. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावे.

फरशीची उंची ठरवताना जुलै २०१८ आठवावा. त्या वेळी वसई-विरार दरम्यानची रेल्वे पाण्यामुळे बंद पडली होती आणि मिठागरात शेकडो माणसे अडकली होती. त्या वर्षी आपल्या भिंतीवर पाणी जेथवर चढले होते, त्याच्या सहा इंच वर फरशी घेता आली तर उत्तम. चढण लांब आणि सौम्य ठेवावी. तेवढी उंची शक्य नसेल तर पाणी चढू लागताच गाडी उंच जागी न्यावी. बुडालेली गाडी कधीही चालू करून पाहू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतले भाग वाकतात. ती ढकलत मिस्त्रीकडे न्यावी.

सांगाडा आणि छप्पर

वसईच्या हवेत मीठ आहे. अर्नाळा, भुईगाव, रानगाव, पाचूबंदर या किनाऱ्याकडील वस्त्यांत साधे लोखंड लवकर खाल्ले जाते. तेव्हा जस्त चढवलेले पाइप घ्यावेत. वेल्डिंग करताना सांध्यावरचे जस्त जळते आणि गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून प्रत्येक सांधा घासून त्यावर जस्ताचा प्रायमर व वर रंग लावून घ्यावा. जस्ताच्या धुराने वेल्डरला ताप भरतो, हे काम मोकळ्या हवेत करावे.

छप्पर पुढे ७ फूट आणि मागे ६ फूट उंचीवर घ्यावे, म्हणजे पाणी मागे पडेल. रंगीत पत्रा रबरी वॉशर लावूनच आवळावा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने या किनाऱ्याला तडाखा दिला. अशा वाऱ्यात कमी बोल्टवरचा पत्रा उडतो आणि माणसांना कापतो.

शेड सगळीकडून बंद करू नये. फरशीलगत आणि छताखाली अशा दोन्ही ठिकाणी जाळी ठेवावी. खालच्या जाळीतून पेट्रोलची वाफ निघून जाते आणि वरच्या जाळीतून ओल जाते. आत पेट्रोलचा डबा, चिंध्या, गठ्ठे, शेगडी यांपैकी काहीही नसावे.

कुलूप आणि साखळी

दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला घ्याव्यात. कोयंड्याचे बोल्ट गोल डोक्याचे असावेत आणि त्यांच्या चाक्या आतून आवळलेल्या असाव्यात. बाहेर दिसणारा स्क्रू म्हणजे चोराला दिलेली किल्ली. कुलूप अलीगढचे असो की आणखी कुठले, त्याची कडी जाड आणि कमीत कमी उघडी असावी.

साखळी कडक पाणी दिलेली घ्यावी. ती मागच्या चाकातून आणि गाडीच्या सांगाड्यातून ओवून जमिनीतल्या कडीला लावावी. नुसत्या पुढच्या चाकाला लावलेली साखळी उपयोगाची नाही, कारण चाक काढून ठेवून बाकी गाडी नेता येते. साखळी आणि कुलूप जमिनीवर लोळू देऊ नयेत. जमिनीचा आधार मिळाला की हातोडा आणि कटर दोन्ही जोरात चालतात.

विजेची गाडी असेल तर शेडमध्ये वेगळी वायर, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. कंपनीचाच चार्जर वापरावा. चार्जिंग जागेपणी करावे, झोपताना नाही.

कागदही मजबूत हवेत

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण त्यातून चोरीची किंवा पुराची भरपाई मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. चोरीच्या दाव्यात कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली घरात जपून ठेवावी. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि गाडीचे फोटो दुकानाच्या वहीबरोबर ठेवावेत.

चाळीत राहणाऱ्यांना स्वतःचे अंगण नसते. त्यांनी चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून मालकाच्या परवानगीने एक लांब शेड घालावी. प्रत्येक गाडीसाठी जमिनीत वेगळी कडी असावी. एकाच छताचा खर्च वाटला जातो आणि पाच घरांचे लक्ष राहते. काम आपल्याच वस्तीतील गवंडी व वेल्डर यांना द्यावे, मात्र माप, पाइपची जाडी आणि मजुरी आधी कागदावर लिहून घ्यावी. पैसे कमी असतील तर पत्रा पुढच्या वर्षी घालता येईल, तोवर गाडीवर ताडपत्री चालेल. जमीन आणि कडी मात्र यंदाच्या पावसाआधी करून घ्यावी.