चार-चार अशी बरोबरी, तरी चषक एकाचाच!

दोस्तांनो, आज रात्री जेवताना आई-बाबांना एक कोडं घाला.

एका स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका संघाने चषक डोक्यावर घेऊन आनंदाने उड्या मारल्या. दुसऱ्या संघाचे खेळाडू मान खाली घालून मैदानाबाहेर गेले. पण देशाच्या अधिकृत नोंदीत त्या सामन्यापुढे लिहिलंय : ४-४, बरोबरी! म्हणजे कोणी जिंकलं नाही आणि कोणी हरलंही नाही. असं कसं झालं?

बाबा म्हणतील, "छपाईची चूक असेल." आई म्हणेल, "नाणेफेक केली असेल." आजोबा बहुतेक म्हणतील, "पोरांनो, आधी भाजी संपवा." पण यातलं एकही उत्तर बरोबर नाही. हा सामना खरोखर झाला होता. १० फेब्रुवारी २०२० रोजी, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात. आणि त्यानंतर चाहत्यांना वाद घालायला जो विषय मिळाला, तो तुमच्या-आमच्या गल्लीतल्या क्रिकेटलाही लागू पडतो. म्हणून ही गोष्ट.

मडक्यासाठी चुरस

स्पर्धेचं नाव 'बीनपॉट'. बीन म्हणजे घेवड्याच्या जातीचं कडधान्य आणि पॉट म्हणजे मडकं. बॉस्टनमध्ये जुन्या काळापासून मातीच्या मडक्यात काकवी घालून, मंद आचेवर तासन् तास बीन शिजवतात. आपल्याकडे कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा, तसं बॉस्टन म्हटलं की हे बीन. म्हणून चषकाचा आकारही मडक्याचाच!

ही स्पर्धा पहिल्यांदा १९५२ च्या डिसेंबरात झाली. खेळ बर्फावरचा हॉकी. संघ फक्त चार, आणि चारही एकाच परिसरातले : हार्वर्ड, नॉर्थईस्टर्न, बॉस्टन कॉलेज आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी. शेवटची दोन नावं सारखी वाटली, तरी त्या दोन वेगळ्या संस्था आहेत आणि त्यांचं एकमेकींशी हाडवैर आहे. मैदानावरचं, अर्थात! फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी उपान्त्य सामने, दुसऱ्या सोमवारी अंतिम सामना, असा शिरस्ता. १९७८ साली स्पर्धेच्या सोमवारीच असं भयंकर हिमवादळ आलं, की काही प्रेक्षकांना घरी जाता येईना. ते स्टेडियममध्येच अडकून पडले. अंतिम सामना थेट १ मार्चला खेळवावा लागला.

बर्फावरचा हॉकी म्हणजे काय?

आपला हॉकी हिरव्या मैदानावर, हा पांढऱ्या बर्फावर. खेळाडूंच्या बुटांना खाली धारदार पाती. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला 'पक' म्हणतात. वजन जवळपास आपल्या क्रिकेटच्या लेदर बॉलइतकं. आता विचार करा, ती चकती ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने अंगावर आली तर? म्हणूनच खेळाडू डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घातल्यासारखे दिसतात.

प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत, म्हणजे एकूण साठ मिनिटं.

एक पूर्णांक दोन दशांश सेकंद

२०२० च्या अंतिम सामन्यात समोरासमोर होते नॉर्थईस्टर्न आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी. गंमत म्हणजे दोघांची बोधचिन्हं कुत्र्यांचीच. नॉर्थईस्टर्नचा 'हस्की', म्हणजे बर्फातली गाडी ओढणारा दणकट कुत्रा. बॉस्टन युनिव्हर्सिटीचा 'टेरिअर', आकाराने छोटा पण महाचिवट.

नॉर्थईस्टर्नने २०१८ आणि २०१९ असं दोनदा ओळीने मडकं जिंकलेलं. त्याआधी मात्र १९८८ पासून तब्बल तीस वर्षं त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. आता तिसऱ्यांदा जिंकायची संधी होती. साठावं मिनिट संपत आलं आणि ते ४-३ ने पुढे होते. घड्याळात उरले होते जेमतेम दीड सेकंद.

आणि टेरिअर चावला! ट्रेव्हर झेग्रस नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने गोल केला. घड्याळात १.२ सेकंद शिल्लक. चार-चार!

जरा गणित करू. साठ मिनिटं म्हणजे ३६०० सेकंद. त्यातले १.२ सेकंद म्हणजे सामन्याचा तीन हजारावा भाग. 'अरे रे' म्हणायला लागतो, त्याहून थोडासाच जास्त वेळ.

मग जादा वेळ सुरू झाला. पहिल्या जादा डावात गोल नाही. दुसऱ्या जादा डावात नॉर्थईस्टर्नच्या जॉर्डन हॅरिसने गोल मारला आणि मडकं तिसऱ्यांदा हस्कीच्या घरी गेलं.

मग बरोबरी कशी?

आता कोड्याचं उत्तर. अमेरिकेत कॉलेजांचे संघ वर्षभर सामने खेळतात. त्यांच्या निकालांचा हिशेब करून राष्ट्रीय स्पर्धेसाठी सोळा संघ निवडले जातात. साधा सामना बरोबरीत असेल तर त्या वेळी पाच मिनिटांचा जादा वेळ देत. तरीही गोल झाला नाही, तर सामना बरोबरीत सुटला असं धरत. दोघांनाही अर्धा विजय आणि अर्धा पराभव.

पण बीनपॉटचा अंतिम सामना असा सोडून कसा देणार? मडकं काय मधोमध फोडायचं? म्हणून तिथे गोल होईपर्यंत खेळ पुढे चालू ठेवला. मात्र राष्ट्रीय हिशेबाचा नियम सगळ्यांना सारखा हवा. इतरांना जादा वेळ पाचच मिनिटं मिळतो, मग यांना जास्त का? म्हणून ठरलं, की पाच मिनिटांनंतर झालेला गोल चषकासाठी धरायचा, राष्ट्रीय हिशेबात नाही. तिथे लिहायचं, ४-४.

आणखी ऐका. त्याच्या आधीच्या सोमवारी बॉस्टन युनिव्हर्सिटीने बॉस्टन कॉलेजला दुसऱ्या जादा डावात ५-४ ने हरवलं होतं. म्हणजे तोही सामना अधिकृतपणे बरोबरीचाच! त्या वर्षी बीनपॉटमध्ये हा संघ कागदावर एकही सामना जिंकला नाही आणि एकही हरला नाही. तरी तो अंतिम फेरीत पोहोचला आणि चषकाविना परत गेला.

परतीच्या गाडीत

स्टेडियमच्या अगदी जवळ 'ग्रीन लाइन' नावाची रेल्वे मिळते. ती पुढे फाटे फुटून यातल्या तीन कॉलेजांच्या दिशेने जाते. आपण कल्पनेनेच त्या रात्रीच्या गाडीत चढू. बॉस्टन युनिव्हर्सिटीचे दोन चाहते शेजारी बसलेत. एकाला म्हणू गोडू, दुसऱ्याला कडू.

गोडू : काय खेळले रे आपले! शेवटच्या क्षणापर्यंत हार मानली नाही.

कडू : शेवटच्या क्षणापर्यंत मागे का होते, ते सांग ना. चार गोल खाल्ले. गेल्या सोमवारीही चार खाल्ले.

गोडू : पण नोंदीत आपण हरलेलो नाही!

कडू : नोंद काय कपाटात ठेवून पूजा करणार आहेस? मडकं त्यांच्याकडे आहे.

गोडू : दोन आठवड्यांत दोनदा जादा वेळ खेळले. पाय गळून गेले असतील पोरांचे.

कडू : गेल्या सोमवारी वेळेत सामना संपवला असता, तर दोनदा धावावं लागलं नसतं.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे लोकलमध्ये, पानाच्या गादीपाशी किंवा शाळेच्या बसमध्ये असंच चालतं. फक्त बर्फाच्या जागी खेळपट्टी असते.

गंमत अशी, की गोडू खोटं बोलत नाही आणि कडूही नाही. दोघांनी एकच सामना पाहिला. गोडूने लक्षात ठेवला शेवटचा सव्वा सेकंद आणि कडूने त्याआधीची साठ मिनिटं. जिंकल्यावर चुका झाकल्या जातात, हरल्यावर चांगलं झाकलं जातं. बरोबरी मात्र काहीच झाकत नाही. म्हणून तिच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात.

शेवटचा गोल कोणाचा?

बरोबरीच्या सामन्यात आणखी एक गंमत असते. आकडा दोघांचा सारखा, पण चेहरे वेगवेगळे. ज्याने शेवटी गाठलं तो हसतो आणि ज्याला गाठलं गेलं तो रडतो.

बीनपॉटमधल्याच हार्वर्डची एक जुनी गोष्ट आहे, पण हॉकीची नव्हे, अमेरिकन फुटबॉलची. २३ नोव्हेंबर १९६८ रोजी हार्वर्ड विरुद्ध येल सामना होता. तोवर त्या मोसमात दोघेही एकही सामना हरले नव्हते. शेवटची ४२ सेकंदं उरली तेव्हा येल १६ गुणांनी पुढे होतं. एवढ्या वेळात हार्वर्डने सोळाच्या सोळा गुण मिळवले! सामना २९-२९ असा सुटला. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने मथळा काय दिला माहीत आहे? 'हार्वर्डची येलवर मात, २९-२९'. हिशेबाने चूक, पण मनाने अगदी बरोबर!

आणि याची दुसरी, कडू बाजू आपणही चाखली आहे. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये भारताला उपान्त्य फेरी गाठायला पोलंडला हरवायचं होतं. आपण १-० ने पुढे होतो. शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडने गोल केला आणि सामना १-१ बरोबरीत सुटला. पुण्याच्या खडकीत वाढलेले धनराज पिल्ले त्या संघात होते. तुमच्या बाबांना किंवा काकांना तो दिवस विचारून पाहा. 'बरोबरी झाली' असं ते म्हणणार नाहीत, 'गेलं' असं म्हणतील.

वाद घाला, पण असा घाला

मग संघ चांगला खेळला की वाईट, हे ठरवायचं कसं? तीन प्रश्न विचारा.

पहिला : निकाल झाकून ठेवला, तर खेळ कसा दिसतो? आपण गोलावर किती फटके मारले? समोरच्यांनी किती? आपल्या गोलरक्षकाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली का?

दुसरा : समोर कोण होतं? दोन वर्षं ओळीने जिंकलेल्या संघाला शेवटपर्यंत झुंजवणं आणि दुबळ्या संघाशी बरोबरी करणं, या दोन्हींना एकच गुण कसे द्यायचे?

तिसरा : तीच चूक पुन्हा पुन्हा होते आहे का? एकदा चार गोल खाल्ले तर दिवस वाईट म्हणू. दर सोमवारी खाल्ले तर बचावात भोक आहे.

या तीन प्रश्नांनी पाहिलं, तर गोडूला दुसऱ्या प्रश्नात गुण मिळतील आणि कडूला तिसऱ्यात. म्हणजे सामना पुन्हा बरोबरीत!

आणि एक गोष्ट विसरू नका. हे खेळाडू विद्यार्थी आहेत. झेग्रस अठरा वर्षांचा होता, हॅरिस एकोणीस. तुमच्या दादा-ताईंच्या वयाचे. सोमवारी रात्री हजारो लोकांसमोर हरायचं आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा वर्गात बसून वही उघडायची, हे सोपं नाही. 'बचाव ढिला पडला' असं म्हणणं ही टीका झाली. 'तुझ्यामुळे हरलो' असं म्हणणं हा घाव झाला. गल्लीतल्या सामन्यात झेल सोडणाऱ्या मित्राला आपण यातलं काय म्हणतो, ते ज्याने त्याने आठवावं. मैदानाबाहेर उभं राहून ओरडणाऱ्या आई-बाबांनीसुद्धा!

आणि शेवटी...

कोड्याचा खरा शेवट अजून सांगितलाच नाही. राष्ट्रीय हिशेबासाठी तो सामना ४-४ लिहिला, बरोबर? त्या हिशेबातून सोळा संघ निवडायचे होते. पण मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरली आणि ती राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. जिच्यासाठी एवढं काटेकोर मोजमाप केलं, ती स्पर्धा त्या वर्षी झालीच नाही.

पण मडकं होतं. सव्वा सेकंदाची आठवण होती. आणि गोडू-कडूचा वाद होता.

त्यानंतर नियम बदलले. तेव्हा जादा वेळेत दोन्हीकडून तीन-तीनच खेळाडू खेळत आणि तरीही निकाल लागला नाही, तर चषकासाठी एकेकाने गोलरक्षकासमोर जाऊन फटका मारायचा, असा नियम होता. २०२३ च्या अंतिम सामन्यात नॉर्थईस्टर्नने हार्वर्डला असंच हरवलं. नोंदीत काय लिहिलं असेल, ते आता तुम्हीच ओळखा.

बरोबर! २-२, बरोबरी.

तर दोस्तांनो, तुमच्या शाळेचा एखादा सामना बरोबरीत सुटला असेल, तर तो आठवा. वहीत दोन रकाने आखा. एकात गोडूने काय म्हटलं असतं ते लिहा, दुसऱ्यात कडूने. दोन्ही प्रामाणिकपणे भरा. मग ती वही समोरच्या संघातल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या. तो काय म्हणतो, ते ऐकण्यासारखं असेल!