शाळा घरीच आणि घर मळ्यात

मळ्यातील वस्तीवर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. घरात लहानमोठी तेरा माणसे. दोघा भावांची मिळून सात मुले, वय चार ते पंधरा. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे असे या कुटुंबाने ठरवले असून थोरला मुलगा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसणार आहे. पहाटे पाचला सुरू झालेला दिवस रात्री अकरापर्यंत सरत नाही, चूल सारखी पेटलेली, मुलांची पोटे वरचेवर बिघडतात. तेव्हा दिवसाचे वेळापत्रक कसे बसवावे, असा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी, जाता जाता, हल्ली विहिरीवरून घरापर्यंत येताना धाप लागते, असेही त्यांनी लिहिले आहे.

मुलांना घरी शिकवावे की शाळेत धाडावे, या वादात हा स्तंभ पडणार नाही. पण धापेचा विचार वेळापत्रकाच्या आधी करावयास हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. धाप लागण्याची इतरही कारणे असतात, म्हणून बाईंनी या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रकृती दाखवावी व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात. बरे वाटले की पुष्कळजणी त्या मध्येच सोडतात.

गोळ्यांइतकाच पंगतीचाही उपाय आहे. मोठ्या घरात रांधणारी सर्वांत शेवटी जेवते आणि तोवर पातेल्यात रस्सा तेवढा उरतो. पहिली पंगत मुलांची व आजीआजोबांची, दुसरी उरलेल्या सर्वांची, पुरुषांची आणि जावाजावांची एकत्रच. भांडी मध्ये ठेवावी, ज्याने त्याने वाढून घ्यावे. सासूबाईंनी मनावर घेतले तर ही गोष्ट एका दिवसात होते. जेवणाला लागून चहा नको, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. मटकी, हुलगे, पालेभाजी यांवर लिंबू पिळले तर ते अधिक लागते.

आता दिवस. शाळेची एक गोष्ट घरी आणण्याजोगी आहे, ती म्हणजे घंटा. न्याहारी, दुपारचे जेवण, चारचे खाणे आणि रात्रीचे जेवण यांच्या वेळा ठरल्या की चूल चार वेळाच पेटते. मध्ये भूक लागलेल्याने डब्यातले शेंगदाणे-गूळ घ्यावे. (चार वर्षांच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नयेत, ठसका लागून श्वासनलिकेत अडकतात. त्याला कूट द्यावे.) अभ्यास न्याहारीनंतर, ऊन चढण्यापूर्वी. धाकट्यांना वाचून दाखवणे, पाढे म्हणून घेणे ही कामे आजोबांकडे आणि थोरल्या मुलांकडे सोपवता येतात. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार कोणतेही मूल रानात नसावे.

पोटे बिघडण्याचे मूळ बहुधा असे, की पाण्याकडे सगळेच बघतात, म्हणजे कोणीच बघत नाही. पिण्याचे पाणी एकाच माणसाच्या ताब्यात द्यावे. विहिरीचे पाणी नुसते गाळून भागत नाही. ते उकळावे, किंवा क्लोरीनचे द्रावण बाटलीवर छापलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास ठेवावे. माठात हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. साबणाची वडी एक नव्हे, तीन हव्यात: मोरीत, संडासापाशी आणि गोठ्याच्या दारात. शेणाचे हात झटकून भाकरीला बसणारी माणसे मळ्यात पुष्कळ दिसतात. मुलांना धारोष्ण दूध पाजण्याची हौसही आवरावी, दूध उकळूनच द्यावे. जुलाब लागलेच तर जीवनजल सुरू करावे. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. मूल सुस्त पडले, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नये.

शाळेत जाणाऱ्या मुलांना काही गोष्टी न मागता मिळतात. घरी शिकणाऱ्यांना त्या कोणी दारी आणून देईलच असे नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वयाच्या मुलांना गोळी मिळते, ती शाळेबाहेरच्या मुलांना अंगणवाडीत दिली जाते. पाचव्या-सहाव्या वर्षी त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. मळ्यात गंजके खिळे, विळे-कोयते रोजचेच, तेव्हा या लसी चुकवू नयेत. आशाताईंच्या कानावर सातही मुलांची नावे घालून ठेवावी. डोळ्यांचेही तसेच. फळा दिसत नाही हे वर्गात शिक्षकांच्या ध्यानात येते. घरी पुस्तक हातात असते, त्यामुळे लांबचे दिसत नसले तरी वर्षानुवर्षे कळत नाही. वर्षातून एकदा नेत्रतपासणी करावी.

औषधांची बाटली मात्र या घरात सर्वांत जपण्याची वस्तू. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही आठवण जुनी झालेली नाही. सात मुले दिवसभर वावरतात तेथे कीटकनाशके कुलपात हवीत, किल्ली एकाकडे. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये, रिकाम्या डब्याने धान्य मोजू नये. अंगावर सांडल्यास कपडे काढून साबणाने धुवावे. पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मूळ बाटली सोबत न्यावी.

राहिली झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री किमान नऊ तास, त्यापुढच्यांना आठ तास हवेत. जमिनीवर निजणाऱ्यांनी मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात, कारण मण्यार रात्री फिरते. आणि जेथे पंपाची वीज अजून रात्रीच्या पाळीने येते तेथे थोरला मुलगा वडिलांबरोबर दारे धरायला गेला असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गणिताला बसवू नये. त्याचा अभ्यास चारच्या खाण्यानंतर ठेवावा.