साथनिवारणाची व्यवस्था आणि तिची परिभाषा

शनिवार, 20 फेब्रुवारी 2021 रोजी रात्री 8 वाजता अमरावती जिल्ह्यात संचारबंदी लागू झाली. सोमवारी सायंकाळपासून अमरावती व अचलपूर या नगरांत आठवड्याची टाळेबंदी सुरू झाली. पाठोपाठ अकोला, अकोट व मूर्तिजापूर येथेही कडक निर्बंध आले. अवघ्या चार दिवसांत वऱ्हाडातील नागरिकांसमोर आदेशामागून आदेश आले आणि जमावबंदी, संचारबंदी, टाळेबंदी, प्रतिबंधित क्षेत्र हे शब्द एकमेकांत मिसळून गेले.

या गोंधळाचे एक मूळ व्यवस्थेच्या रचनेत आहे. साथीच्या काळात राज्य शासनाला 1897 च्या साथरोग अधिनियमाने अधिकार मिळतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण स्थापन होते. आणि महानगरपालिकेच्या हद्दीत आयुक्तांचाही अधिकार चालतो. पहिला कायदा प्लेगच्या दिवसांतला, तर दुसरा त्सुनामीनंतरचा. दोहोंची घडण भिन्न, आणि 2020 साली दोन्ही एकाच वेळी वापरात आले. अशा स्थितीत निरनिराळ्या अधिकाऱ्यांनी एका अर्थासाठी एकच शब्द वापरणे ही शैलीची बाब राहत नाही, ती व्यवस्थापनाचीच बाब ठरते.

'टाळेबंदी' हा शब्द पाहावा. तो मूळचा औद्योगिक कलहातला: मालकाने कामगारांसाठी गिरणीचे दार बंद करणे. कापसाच्या गिरण्या पाहिलेल्या अकोल्यात या शब्दातून रोगापेक्षा मजुरी बुडण्याची भीती आधी ऐकू आली असल्यास नवल नाही. 'विलगीकरणा'ची अडचण अधिक गंभीर आहे. रोग्याला निरोग्यांपासून वेगळे ठेवणे, आणि केवळ संपर्कात आलेल्या निरोगी माणसाला काही दिवस निरीक्षणाखाली ठेवणे, या वैद्यकात दोन भिन्न क्रिया आहेत. व्यवहारात मात्र दोहोंसाठी हाच एक शब्द चालला. त्यामुळे निरीक्षणाखाली असलेला माणूस शेजाऱ्यांच्या दृष्टीने रोगीच ठरला. आणि ज्याला असे ठरण्याचे भय वाटते तो संपर्क लपवितो. 'अलगीकरण' हा दुसरा शब्द उपलब्ध होता. पण दोहोंतील भेद आरंभीच निश्चित करून लोकांत रुजविला गेला नाही.

मेळघाटात प्रश्न परिभाषेपलीकडे जातो. धारणी व चिखलदरा तालुक्यांत मोठ्या संख्येने बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठीशी तिचे कूळनाते नाही. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्याने साथ उद्भवली व माणसे दगावली. तेथे पहिली निकड शुद्ध पाण्याची होती, आणि शब्द कितीही नेमके असले तरी ते पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु 'पाणी उकळून प्या' ही सूचना मराठीतून निघून आशा कार्यकर्तीच्या तोंडून कोरकूत पोहोचते. हा शेवटचा अनुवाद तोंडी होतो, आयत्या वेळी होतो, आणि त्याची जबाबदारी व्यवस्थेतील सर्वांत कनिष्ठ व्यक्तीवर पडते. गावातला भूमका, म्हणजे पारंपरिक वैदू, त्याच वेळी रुग्णाशी त्याच्याच भाषेत बोलत असतो.

जिल्हा आराखड्यात औषधसाठा व वाहने यांबरोबर अशा सूचनांचा तपासलेला कोरकू मजकूरही हवा, आणि तो जूनपूर्वी गावांत पोहोचलेला हवा. पावसाळ्यात सिपनेला व नाल्यांना पूर आला म्हणजे आतल्या गावांचा रस्ता तुटतो.