पोकेमॉनच्या कार्डावरची बारीक अक्षरं

तळोज्याच्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी मुलं पोकेमॉन कार्डांची अदलाबदल करतात. सौदा बहुधा कार्डाची चमक आणि ‘एचपी’चा आकडा पाहून ठरतो. खेळात मात्र कार्डाची खरी ताकद मधल्या बारीक अक्षरांत असते आणि ती वाचायला मुलांना कुणी शिकवत नाही.

हा खेळ १९९६ साली जपानमध्ये सुरू झाला. प्रत्येकाकडे ६० पत्ते. एक पोकेमॉन पुढे लढतो, मागच्या बाकावर जास्तीत जास्त पाच थांबतात. एचपी म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा. अटॅकच्या नावाआधी रंगीत चिन्हं असतात. तेवढी एनर्जी कार्डं त्याला जोडल्याशिवाय तो अटॅक करता येत नाही. आणि एनर्जी आपल्या पाळीत एकदाच जोडायची. हा नियम नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

१९९९च्या पहिल्या इंग्रजी संचातली दोन कार्डं घेऊ. चारिझार्डचा एचपी १२०. त्याचा ‘फायर स्पिन’ १०० चा मार देतो, पण त्याला चार एनर्जी लागतात आणि दर वेळी त्यातल्या दोन टाकून द्याव्या लागतात. ब्लास्टॉइजचा एचपी १००, ‘हायड्रो पंप’चा मार ४०. आकडे पाहून कोणीही चारिझार्डच मागेल.

आता ब्लास्टॉइजची बारीक अक्षरं वाचा. ‘रेन डान्स’: अटॅकच्या आधी, हातातली पाण्याची एनर्जी हवी तितक्या वेळा पाण्याच्या पोकेमॉनना जोडा. म्हणजे पाळीत एकदाच हा नियम इथे लागूच नाही. अशा शक्तीला तेव्हा ‘पोकेमॉन पॉवर’ म्हणत, आता ‘अबिलिटी’ म्हणतात. अटॅक केला की पाळी संपते, अबिलिटी वापरून संपत नाही, म्हणून ती इतकी मोलाची. हायड्रो पंपला तीन एनर्जी पुरतात; वर आणखी दोन जोडल्या की ४० चे ६० होतात. चारिझार्डच्या तळाशी ‘वीकनेस’पुढे पाण्याचा थेंब छापलेला आहे, त्यामुळे त्याच्यावर पाण्याचा मार दुप्पट बसतो. ६० चे १२०. चारिझार्ड एका फटक्यात बाद!

कोपऱ्यातलं चिन्ह फक्त दुर्मीळपणा सांगतं: गोल म्हणजे सर्रास मिळणारं, चौकट म्हणजे त्याहून कमी, चांदणी म्हणजे दुर्मीळ. या दोघांवरही चांदणीच आहे.

स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी सोनेरी प्लास्टिकची स्वस्त पाकिटं बहुतेक नकली असतात. त्यांवरचा मजकूर अनेकदा भलत्याच पोकेमॉनचा किंवा अर्धवट असतो, त्यामुळे त्यांच्याशी खेळताच येत नाही.